२०१७ साली २०१२ ची परीक्षा: ७०-४८० च्या तयारीचं एक प्रकरण

मायक्रोसॉफ्टची ७०-४८० ही वेब प्रोग्रामिंगची परीक्षा आज कुणाला द्यायची म्हटली तरी देता येणार नाही. ३१ जानेवारी २०२१ ला ती कायमची बंद झाली. तरीही वेब डेव्हलपमेंटची कुठलीही सर्टिफिकेशन परीक्षा द्यायला निघालेलं कुणी भेटलं, की मी त्याला पुण्यातल्या एका मुलीच्या तयारीची हकिगत सांगते. तयारी २०१७ मधली, परीक्षा २०१२ मध्ये बेतलेली. सगळं प्रकरण या पाच वर्षांच्या फटीत घडलं.

मुलगी सांगलीकडची, बीसीए झालेली, एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत तीनेक वर्षं काम करणारी. डिझायनरने दिलेली फोटोशॉपची फाइल घ्यायची, तिचं एचटीएमएल-सीएसएसमध्ये (पानाची रचना आणि सजावट लिहायच्या भाषांमध्ये) पान करायचं, स्लायडर किंवा मेन्यू हवा असेल तर जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या कोडसंग्रहाचं तयार प्लगइन आणून जोडायचं, हे तिचं रोजचं काम. त्यात हात चांगला बसलेला. कंपनी मायक्रोसॉफ्टची भागीदार होती आणि भागीदारीची वरची पायरी टिकवायची तर परीक्षा पास झालेली ठरावीक माणसं कंपनीत दाखवावी लागत. त्यातलं एक माणूस नोकरी सोडून गेलं आणि मॅनेजरने हिच्याकडे बोट दाखवलं. “तू एचटीएमएलच करतेस ना? मग तूच दे. मार्चएण्डची गडबड संपली की बसून टाक.” फी कंपनी भरणार होती, पण एकदाच. नापास झाली तर पुढची फी तिची तिने भरायची.

जानेवारीत ती माझ्याकडे आली. मी संध्याकाळी जावास्क्रिप्टचे, म्हणजे पानाला हालचाल देणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेचे, वर्ग घेते. तिचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, एचटीएमएलचीच परीक्षा आहे, सहा आठवड्यांत होईल ना?”

परीक्षा मुळात कशासाठी होती

परीक्षेचं पूर्ण नाव ‘प्रोग्रामिंग इन एचटीएमएल५ विथ जावास्क्रिप्ट अँड सीएसएस३’. नावात एचटीएमएल पुढे आहे म्हणून तिचा समज झाला तो झाला. अभ्यासक्रमाचं पान उघडल्यावर चित्र उलटं दिसलं. चार भाग, प्रत्येकाचं वजन साधारण पाव: पानाची रचना आणि ऑब्जेक्ट, प्रोग्रामचा प्रवाह, डेटा मिळवणं आणि सुरक्षित ठेवणं, आणि सीएसएस३. पहिल्या भागात टॅग आहेत, पण त्यांच्या जोडीला डॉम (ब्राउझरच्या आतलं पानाचं रूप) बदलणं, लोकलस्टोरेज (ब्राउझरमधली साठवण), जिओलोकेशन, ऑब्जेक्ट तयार करणं आणि त्यांचा वारसाही आहे. मधले दोन भाग जवळजवळ पूर्णच जावास्क्रिप्टचे. म्हणजे ज्या गोष्टीवर तिचा हात बसला होता ती परीक्षेत थोडी, आणि जी ती प्लगइनच्या भरवशावर टाळत आली होती ती बरीच.

हे असं का, ते कळायला २०१२ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ बाजारात आलं. त्याच्या स्टोअरसाठीची ॲप्स एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्येही लिहिता येणार होती, आणि ती लिहिणारी माणसं मायक्रोसॉफ्टला हवी होती. ७०-४८० ही त्याची पहिली पायरी. तिथून ७०-४८१ आणि ७०-४८२ दिल्या की स्टोअर ॲप्सचा मार्ग, ७०-४८६ आणि ७०-४८७ दिल्या की वेब ॲप्लिकेशनचा. विंडोज ८ बरोबर इंटरनेट एक्सप्लोरर १० आला, आणि त्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टने हौसेने घातलेल्या मांडणीच्या नव्या सोयी, म्हणजे ग्रिड (पान ओळी-रकान्यांत मांडणं), एक्सक्लूजन्स (चौकोनाभोवती मजकूर वाहवणं), रीजन्स (मजकूर एका चौकटीतून दुसरीत नेणं), अभ्यासक्रमातही बसल्या. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने एचटीएमएल५ ला अधिकृत शिफारस म्हणून मान्यता दिली ती २८ ऑक्टोबर २०१४ ला. परीक्षा आधी, प्रमाण नंतर, असा हा प्रकार.

२०१७ पर्यंत यातलं बरंच वाहून गेलं होतं. विंडोज १० बरोबर २०१५ मध्ये एज आला आणि एक्सप्लोरर मागच्या बाकावर गेला. रीजन्सचा कोड क्रोमने २०१४ मध्येच काढून टाकला होता. एक्सक्लूजन्स तर मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरांखेरीज कुणी घेतलीच नाहीत. ऑफलाइन चालण्यासाठीची ॲपकॅश ही सोय वापरू नका, सर्व्हिस वर्कर ही नवी सोय वापरा, असं खुद्द एचटीएमएलच्या प्रमाणातच लिहून ठेवलं होतं. अभ्यासक्रमाच्या पानावर मात्र हे सगळे शब्द जागच्या जागी होते.

परीक्षेच्या अभ्यासक्रमाला तारीख असते हे मी एरवी वर्गात सांगून सोडून देते. इथे त्या तारखेशी रोज झुंजावं लागलं.

पहिली संध्याकाळ

मी तिला आधी काही वाचायला दिलं नाही. कागदावर लहान लहान तुकडे लिहून दिले आणि प्रत्येकाचं उत्तर चालवून न बघता लिहायला सांगितलं. हे तुकडे माझे होते. परीक्षेतले प्रश्न मी सांगत नाही आणि इथेही त्यातला एकही नाही, कारण परीक्षेला बसताना गोपनीयतेच्या करारावर होकार द्यावा लागतो आणि तो मी गंभीरपणे घेते.

टॅगचे तुकडे तिने सहज सोडवले. आर्टिकल कुठे, सेक्शन कुठे, फिगकॅप्शन कशाच्या आत, अंधांसाठीचा स्क्रीन रीडर नॅव्ह टॅगचं काय करतो, सगळं तयार. सीएसएसमध्ये एके ठिकाणी अडली. कुठल्या नियमाचं वजन जास्त हे मोजायला बहुतेकांना १००-१०-१ असं शिकवलेलं असतं: आयडीचे शंभर, क्लासचे दहा, टॅगचा एक. त्या हिशेबाने अकरा क्लास मिळून एका आयडीला हरवायला हवेत, आणि तिने तसंच लिहिलं. ब्राउझर असा हातचा घेत नाही. आयडींची तुलना आधी होते, ती सुटली नाही तरच क्लास मोजले जातात. अकरा काय, पन्नास क्लास लावले तरी आयडीच जिंकतो. तिने लगेच ब्राउझर उघडून करून बघितलं, आणि ही सवय मला आवडली.

जावास्क्रिप्टच्या कागदावर मात्र पेन थांबायला लागलं. लूपमध्ये १ ते ३ अशी तीन बटणं तयार केली, प्रत्येकाला क्लिकचं फंक्शन जोडलं आणि त्यात लूपचा आकडा दाखवायला सांगितला. कुठल्या बटणावर काय येईल? तिने १, २, ३ लिहिलं. चालवल्यावर तिन्ही बटणांवर ४ आला. “मॅडम, तीनच बटणं आहेत, चार आला कुठून?” तिन्ही फंक्शन एकाच व्हेरिएबलकडे बघत असतात, आणि कुणी क्लिक करेपर्यंत लूप संपून तो व्हेरिएबल ४ वर जाऊन थांबलेला असतो, हे तिला पटायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात सहा आठवड्यांचा विषय संपला. परीक्षा एप्रिलच्या शेवटी द्यायची असं ठरलं.

पेनड्राइव्हवरची पीडीएफ

दुसऱ्या आठवड्यात तिने बॅगेतून पेनड्राइव्ह काढला. ऑफिसातल्या एका सीनियरने दिलेला. आत ‘डंप’: शेकडो प्रश्न, प्रत्येकाखाली बरोबर उत्तराचं अक्षर. “सगळे हेच करतात. ऐंशीएक पाठ पण झालेत माझे.”

सगळे करतात हे खरं आहे. पुण्यात, बंगळूरमध्ये, हैदराबादमध्ये, कुठेही. अशा मार्गाने पास झाल्याचं उघड झालं तर मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्र रद्द करू शकतं आणि पुढच्या परीक्षांना बंदी घालू शकतं, हेही खरं. पण भीती घालून कुणी डंप सोडत नाही असा माझा अनुभव आहे. मी तिला एवढंच म्हटलं की फाइल बंद ठेव आणि त्यातून तू जे शिकलीस ते प्रश्नाशिवाय, तुझ्या शब्दांत सांग.

ती म्हणाली, जेक्वेरीच्या एजॅक्समध्ये (पान न बदलता सर्व्हरशी बोलण्यात) ‘कन्टेन्टटाइप’ म्हणजे सर्व्हरकडून कुठल्या प्रकारचं उत्तर हवं ते. मी म्हटलं, मग ‘डेटाटाइप’ काय? ती म्हणाली, आपण पाठवतो त्याचा प्रकार. दोन्ही नेमकं उलट. आपण पाठवतो त्याचा प्रकार कन्टेन्टटाइप सांगतो आणि परत काय येईल अशी अपेक्षा आहे ते डेटाटाइप. नावं गोंधळात टाकणारी आहेत हे मान्य, पण तिचा गोंधळ नावांमुळे झाला नव्हता. फाइलमधलं एक उत्तर चुकीचं होतं आणि ते तिने निष्ठेने पाठ केलं होतं.

कोरं डोकं भरता येतं. पाठ झालेलं चुकीचं उत्तर आधी उपटावं लागतं, आणि नुसतं “हे चूक आहे” म्हणून ते निघत नाही. म्हणून आम्ही प्रयोग लावला. तिच्या लॅपटॉपवर लहानसा लोकल सर्व्हर चालू केला, कारण फाइल थेट उघडली तर क्रोम एजॅक्सची रिक्वेस्ट अडवतो. सर्व्हरवर जेसनची, म्हणजे ठरलेल्या खुणांनी लिहिलेल्या डेटाची, एक फाइल ठेवली आणि शेवटच्या नोंदीनंतर मुद्दाम एक जास्तीचा स्वल्पविराम टाकला. डेटाटाइप जेसन ठेवून रिक्वेस्ट पाठवली. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये २०० आला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूने सगळं ठीक. तरी धावलं ते यशाचं फंक्शन नव्हे, चुकीचं. डेटाटाइप जेसन सांगितलं म्हणून जेक्वेरीने उत्तर जेसन समजून उलगडायला घेतलं, स्वल्पविरामापाशी अडखळलं आणि चूक म्हणून जाहीर केलं. २०० येऊनही चुकीचं फंक्शन धावतं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की डेटाटाइप येणाऱ्या उत्तराशी बांधलेलं आहे हे विसरता येत नाही. त्या दिवसानंतर तिने पेनड्राइव्ह सीनियरला परत केला. मी सांगितलं म्हणून नव्हे. बाकीची एकोणऐंशी उत्तरं कुणी तपासली असतील, असं तिलाच वाटायला लागलं होतं.

वही

मग वही सुरू झाली. दोनशे पानी, साधी. डाव्या पानावर कोडचा तुकडा आणि खाली तिचा अंदाज. उजव्या पानावर दोन रकाने: क्रोममध्ये काय झालं, आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) १० मध्ये काय झालं. अंदाज लिहिल्याशिवाय चालवायचं नाही, हा एकच नियम.

आयई १० मिळवणं हेही काम होतं. मायक्रोसॉफ्ट तेव्हा जुन्या ब्राउझरांची आभासी यंत्रं चाचणीसाठी फुकट देत असे, विंडोज ७ वर आयई १० असलेलंही त्यात होतं, नव्वद दिवस चालणारं. फाइल काही जीबींची. जिओचं फुकट नेट त्या वर्षी घराघरांत होतं, पण रोजच्या मर्यादेत ती फाइल बसेना. शेवटी तिने ऑफिसच्या नेटवर रात्रभर उतरवून घेतली.

जावास्क्रिप्टच्या पानांवर दोन्ही रकाने बहुधा सारखे आले. लोकलस्टोरेजमध्ये ऑब्जेक्ट थेट ठेवला तर दोन्हीकडे ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ असे कंसातले दोन शब्दच परत मिळतात, कारण तिथे फक्त मजकूर राहतो. जेसन स्ट्रिंगिफाय करून ठेवायचा आणि पार्स करून काढायचा. पण त्यात तारीख असेल तर ती तारीख म्हणून परत येत नाही, मजकूर म्हणून येते. हा दुसरा भाग तिने स्वतः शोधला. नल्लचा टाइप विचारला तर ‘ऑब्जेक्ट’ मिळतो. ‘०’ हा मजकूर फॉल्सशी दोन बरोबर चिन्हांनी ताडला तर समान ठरतो, पण तोच मजकूर इफमध्ये नुसता ठेवला तर खरा मानला जातो. हे वाचून हसू येतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून बघायच्या खिडकीत) दोनदा करून बघितलं की हसू थांबतं आणि तीन बरोबर चिन्हं वापरायची सवय लागते.

वेब वर्करवर, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टवर, मला फारसं बोलावं लागलं नाही. वर्करच्या आत डॉम नसतो, बोलणं फक्त निरोपातून, एवढं समजलं की त्यातले प्रश्न सुटतात.

पहिल्या संध्याकाळचं ते तीन बटणांचं कोडं वहीत परत आलं, आणि दोन रकाने खऱ्या अर्थाने वेगळे झाले ते तिथे. तिने व्हेरिएबल जाहीर करणारा ‘व्हार’ हा शब्द काढून ‘लेट’ घातलं. क्रोममध्ये १, २, ३ आलं, काम फत्ते. आयई १० मध्ये काहीच आलं नाही. तिन्ही बटणं गप्प, पानावरचं बाकीचं जावास्क्रिप्टही बंद. ‘लेट’ भाषेत २०१५ च्या आवृत्तीत आलं. २०१२ च्या ब्राउझरला तो शब्द कळत नाही, आणि एक ओळ कळली नाही की तो सगळी स्क्रिप्ट टाकून देतो. त्या काळचं उत्तर वेगळं होतं: लूपच्या आत एक फंक्शन लिहायचं, ते तिथल्या तिथे चालवायचं आणि आकडा त्याला देऊन टाकायचा. तिला ते ओंगळ वाटलं. आहेच. पण २०१२ च्या परीक्षेला जायचं तर ते यायला हवं, आणि ते आलं की क्लोजर (फंक्शनने बाहेरचा व्हेरिएबल धरून ठेवणं) म्हणजे काय हे ‘लेट’पेक्षा जास्त नीट कळतं, असं माझं मत आहे. ‘लेट’ प्रश्न मिटवतं, समजावत नाही.

फॉर्म तपासण्याचं पान मात्र मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे परीक्षा आणि ऑफिस एकत्र आले. पिनकोडसाठी पॅटर्न लिहायचा होता: पहिला अंक १ ते ९, पुढे कुठलेही पाच. तिने तो इनपुटच्या पॅटर्न ॲट्रिब्यूटमध्ये घातला. सहा आकडे चालले, सात नाही चालले, उत्तम. मग तोच पॅटर्न जसाच्या तसा जावास्क्रिप्टच्या टेस्टमध्ये टाकला आणि ४११०३०७ असा सात आकडी पिनकोड बिनतक्रार पास झाला. एचटीएमएलचं पॅटर्न ॲट्रिब्यूट पूर्ण मजकुराशी जुळणी मागतं, सुरुवातीची आणि शेवटची खूण त्यात धरलेलीच असते. जावास्क्रिप्टची टेस्ट मजकुरात कुठेही जुळलं तरी हो म्हणते. तिथे सुरुवातीला कॅरट (^) आणि शेवटी डॉलर ($) आपण लिहायचा.

ती काही क्षण स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आमच्या क्लायंटच्या चौकशी फॉर्ममध्ये हेच आहे.” दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिने तपासलं, होतंच. दोन चिन्हं वाढवून फॉर्म दुरुस्त झाला. त्याच फॉर्ममध्ये आणखी दोन गोष्टी निघाल्या. रिकामं फील्ड पॅटर्न अडवत नाही, त्यासाठी रिक्वायर्ड वेगळं लावावं लागतं. आणि मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरी आकड्यांत पिनकोड टाकला तर जावास्क्रिप्टची अंकांची खूण त्याला अंकच मानत नाही, फॉर्म तो चुकीचा ठरवतो. या शेवटच्या गोष्टीचा परीक्षेशी काही संबंध नव्हता. पण क्लायंट कोल्हापूरचा होता आणि त्याची गिऱ्हाइकं मोबाइलवर मराठीत टाइप करणारी, तेव्हा ती ओळही वहीत गेली.

ग्रिडचा घोळ

मार्च २०१७ च्या पहिल्या पंधरवड्यात फायरफॉक्स ५२ आणि क्रोम ५७ आले, महिना संपता संपता सफारी १०.१. तिन्हींमध्ये सीएसएस ग्रिड, कुठल्याही प्रीफिक्सशिवाय, म्हणजे नावापुढे ब्राउझरची खूण न लावता. फ्लोट आणि क्लिअर या मांडणीच्या जुन्या युक्त्या करून वैतागलेल्या लोकांना सण आल्यासारखं झालं. तिच्या ऑफिसातही तीच चर्चा. ही खूश, कारण अभ्यासक्रमात ग्रिड होतंच. दोन रविवार तिने नव्या ग्रिडवर घालवले, भागांना नावं देऊन एका वर्तमानपत्रासारखं सुरेख पान मांडलं आणि मला दाखवायला आणलं.

मी ते आयई १० मध्ये उघडायला सांगितलं. सगळा मजकूर एकाखाली एक, साध्या पानासारखा पसरला. तिने प्रॉपर्टींना ‘एमएस’ प्रीफिक्स लावून बघितला. आता सगळे चौकोन पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्यात एकमेकांवर चढून बसले.

ग्रिडची कल्पना वेबवर आणली ती मायक्रोसॉफ्टनेच, २०११ च्या मसुद्यात. आयई १० मध्ये ती प्रीफिक्ससह चालू झाली. पुढची पाच वर्षं मसुदा बदलत राहिला आणि २०१७ मध्ये जे सगळीकडे आलं ते त्याच कुळातलं असलं तरी वागायला वेगळं होतं. नव्यात घटक नुसते ठेवले तरी ते क्रमाने आपापल्या जागी बसतात. आयई १० मध्ये प्रत्येकाला ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक हाताने द्यावा लागतो, नाही दिला तर त्याची जागा १, १ धरली जाते. म्हणून ती चढाओढ. भागांना नावं देण्याची सोय जुन्यात नाही, दोन घटकांमधल्या अंतराची प्रॉपर्टी नाही, एक घटक किती स्तंभ व्यापेल हे सांगायला वेगळी स्पॅनची प्रॉपर्टी आहे. उरलेली जागा वाटणारं ‘एफआर’ हे एकक मात्र दोन्हीकडे सारखंच.

“म्हणजे मी शिकले ते सगळं चूक?” बरोबर होतं, पण वर्ष वेगळं होतं. फ्लेक्सबॉक्स या मांडणीच्या दुसऱ्या सोयीचीही तीच गत. त्याची तर तीन व्याकरणं होऊन गेली: २००९ चं, २०११-१२ च्या सुमाराचं मधलं, आणि आजचं. आयई १० मध्ये मधलं आहे. आम्ही वहीत सीएसएसच्या प्रत्येक पानावर वर वर्ष लिहायला सुरुवात केली. एक्सक्लूजन्ससाठी एक संध्याकाळ दिली, चौकोनाच्या दोन्ही बाजूंनी मजकूर वाहताना बघितला, छान दिसला. रीजन्स अर्ध्या तासात उरकलं.

माझ्या मते तयारीतला सगळ्यात खर्चिक भाग हाच होता, आणि कुठल्याही व्हिडिओ मालिकेत तो कुणी सांगितला नव्हता. व्हिडिओ होते बरेच आणि चांगले, मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल अकॅडमीत फुकटही होते. पण ते २०१२-१३ मध्ये उभे राहून बोलत होते, नवे लेख २०१७ मध्ये उभे राहून, आणि दोघांपैकी कुणीही आपली तारीख सांगत नव्हतं.

शेवटचे दोन आठवडे ब्राउझर बंद. परीक्षेच्या खोलीत कन्सोल नसतो, कोड वाचून मनातच चालवावा लागतो. ती ऑफिसच्या बसमध्ये वहीची डावी पानं उघडायची आणि उजवं पान हाताने झाकून उत्तर म्हणायची.

परीक्षेचा दिवस आणि निकाल

परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर. मोबाइल, घड्याळ, पाकीट लॉकरमध्ये. लिहायला पुसता येणारी पाटी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, एवढं मी बजावलं होतं. प्रश्नांचे काही संच एकदा सोडून पुढे गेलं की परत उघडत नाहीत, हेही. बाकी दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वेळ पुरला.

पास व्हायला १००० पैकी ७०० लागतात. हे टक्के नव्हेत. प्रश्नांच्या काठिण्यानुसार मोजपट्टीवर बसवलेले गुण आहेत, त्यामुळे दहातले सात बरोबर म्हणजे पास असा सरळ हिशेब लागत नाही. तिला साडेसातशेच्या थोडं वर मिळाले. निकालाच्या कागदावर भागवार पट्ट्या असतात. जावास्क्रिप्टचे दोन भाग लांब, आणि सगळ्यात आखूड पट्टी सीएसएसची.

तिला धक्का बसला, कारण पोट त्याच विषयावर चालत होतं. मला त्याचं कारण कागद बघूनच कळलं. जावास्क्रिप्टमध्ये तिने शून्यातून सुरुवात केली आणि २०१२ ची उत्तरं २०१७ मध्येही खरी होती. ती भाषा वाढते, पण जुनं सहसा मोडत नाही, कारण मोडलं तर कोट्यवधी जुनी पानं बंद पडतील. सीएसएसच्या मांडणीत तसं घडलं नाही. प्रीफिक्समागच्या गोष्टी प्रयोग म्हणून आल्या होत्या आणि प्रयोग म्हणूनच गेल्या. तिथे तिची रोजची सवय २०१७ ची होती, आणि घाईत हात सवयीकडे जातो. सवय नसती तर कदाचित पट्टी लांब आली असती.

कंपनीची रिकामी जागा भरली. मॅनेजरने लगेच ७०-४८६ चं नाव काढलं. त्यासाठी एएसपी डॉट नेट एमव्हीसी हे मायक्रोसॉफ्टचं सर्व्हरच्या बाजूचं तंत्र लागायचं, आणि ते काम तिच्याकडे नव्हतंच. तिने नको म्हटलं. मला ते पटलं. हातात नसलेल्या कामाची परीक्षा दिली की परत पेनड्राइव्ह शोधावा लागतो.

पावसाळ्यात तिने दुसरीकडे अर्ज केला. नागरी सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करणारी कंपनी. प्रमाणपत्र बायोडेटात होतं, पण मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांची अडचण वेगळी होती. टीमने नवा डॅशबोर्ड नव्या ग्रिडवर बांधला होता, क्रोममध्ये तो नीट दिसत होता, आणि बँकांच्या शाखांमधली यंत्रं आयई ११ वर अडकलेली. ग्रिडच्या बाबतीत आयई ११ म्हणजे आयई १०च, तेच जुनं व्याकरण. त्यांनी तिला दोन स्क्रीन शेजारी शेजारी दाखवल्या. एकीवर नीट तीन रकाने, दुसरीवर सगळे चौकोन डाव्या कोपऱ्यात एकावर एक. कुणी म्हणालं, प्रीफिक्स तर टूलने आपोआप लावले आहेत, तरी असं का होतंय ते कळत नाही.

तिने कीबोर्ड मागून घेतला आणि प्रत्येक चौकोनाला ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक घातला. अंतराची प्रॉपर्टी चालणार नाही म्हणून मध्ये दोन रिकामे अरुंद स्तंभ टाकले आणि पान ताजं केलं. चौकोन आपापल्या जागी गेले. पगाराचं बोलणं त्याच बैठकीत झालं.